क्लास लावण्याआधी वही उघडा

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि वसमतच्या चौकाचौकांत क्लासचे फ्लेक्स लागतात. वर ‘गणितात पैकीच्या पैकी’, खाली गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो आणि त्यांची टक्केवारी. त्याच दिवसांत पालक विचारपूस करत फिरू लागतात. कुरुंद्याहून, गिरगावाहून, हट्ट्याहून बाजाराला आलेली माणसं जाता जाता माझ्याही दारात डोकावतात. “मॅडम, लेकरू बाकी सगळ्यात चांगलं हाय, गणितात तेवढं कच्चं हाय. लावायचा का क्लास?”

मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. बी.एस्सी., बी.एड. करून लग्नानंतर इथे आले. अनुदानित शाळेत जागा निघेल म्हणून वाट पाहिली. पुढे २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबली, आणि पुढच्या खोलीत सतरंजी टाकून सुरू केलेली शिकवणी हाच माझा व्यवसाय झाला. त्यावर माझं घर चालतं. तरीही दर वर्षी काही पालकांना मी सांगते की तुमच्या लेकराला क्लासची गरज नाही. काहींना सांगते की गरज आहे, पण माझ्याकडच्या नाही, वेगळ्या प्रकारच्या शिकवणीची. हे कशावरून ठरवायचं, ते मला इतक्या वर्षांत मुलांच्या वह्यांनी शिकवलं. पालक फी विचारतात, निकाल विचारतात, वेळ विचारतात. लेकरू नेमकं कोणत्या पायरीवर अडतं, हे विचारणारे थोडे. आणि शिकवणी निवडायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

म्हणून पहिल्या भेटीत मी फीचं बोलत नाही. मागच्या वर्षाची गणिताची वही, रफ वही आणि घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन या, एवढंच सांगते. रफ वही बहुतेकांना आणायची नसते, कारण ती खाडाखोडीने भरलेली असते. मला तीच हवी असते. पक्क्या वहीत फळा उतरवलेला असतो; लेकराचं स्वतःचं डोकं रफ वहीत दिसतं.

नववीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. आईचं म्हणणं, हिला बीजगणित अजिबात येत नाही, वर्षभराचा क्लास लावायचाय. मी वही चाळली. अक्षर नेटकं, पायऱ्या ओळीने मांडलेल्या, रीत बरोबर आणि उत्तरं बहुतेक चूक. दोन-चार पानं उलटल्यावर दिसलं की चूक प्रत्येक वेळी एकाच जागी आहे. कंसाबाहेर वजा दोन आणि कंसात क्ष वजा तीन असलं की ती लिहायची: वजा दोन क्ष वजा सहा. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावर तेच. ‘वजा गुणिले वजा अधिक’ हे तिला तोंडपाठ होतं. पण कंसाबाहेरचं वजा आतल्या दुसऱ्या पदापर्यंतही पोचतं, हे तिच्या ध्यानात कधी बसलंच नव्हतं.

मी तिला क्ष बाजूला ठेवायला सांगितला आणि साधे आकडे दिले: बारा वजा, कंसात पाच वजा तीन. “आधी कंसातलं कर.” पाचातून तीन गेले, दोन उरले, बारातून दोन गेले, दहा. “आता कंस न सोडवता, तुझ्या नेहमीच्या रीतीने कर.” तिने लिहिलं बारा वजा पाच वजा तीन, उत्तर चार. दहा आणि चार शेजारी शेजारी लिहिलेले होते. ती बघत बसली. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “म्हणजे मॅडम, मी पाच काढून घेतले, पण त्यातले तीन परत द्यायचे राहिले.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. पुढे थोड्याच दिवसांत तिची बरीचशी उदाहरणं जुळायला लागली. मी तिच्या आईला सांगितलं, हिला वर्षभर क्लास नको. शाळेत शिकवलेलं तिने घरी स्वतः सोडवावं, आणि अडलं तर रविवारी येऊन विचारावं.

दुसरा मुलगा आठवीतला. घरच्यांनी आधीच दोन क्लास बदलले होते. त्याच्या वहीतली गुणाकार-भागाकाराची आकडेमोड मी तपासली, तर ती स्वच्छ बरोबर. उत्तर मात्र पुस्तकाशी जुळत नव्हतं. मग मी त्याने उतरवलेलं उदाहरण पुस्तकातल्या उदाहरणाशी ताडून पाहिलं. पुस्तकातल्या ३ चा त्याच्या वहीत ६ झाला होता, १ चा ९. शाळेत उंचीमुळे तो मागच्या बाकावर बसायचा, क्लासमध्येही मागेच. फळ्यावरचं अंदाजाने वाचायचा आणि जे वाचलं ते अगदी बरोबर सोडवायचा. त्याला चष्म्याची गरज होती. दोन क्लासची फी भरून झाली होती, आणि तोवर कुणी त्याचं पान शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

या दोन मुलांची तक्रार घरच्यांच्या तोंडून एकच होती: गणित कच्चं आहे. डॉक्टरने न तपासता सगळ्यांना एकच गोळी द्यावी, तसं ‘गणित कच्चं आहे, क्लास लावा’ हे उत्तर आहे. वह्या वाचता वाचता मला मुलांचे ढोबळ चार गट दिसू लागले. काहींचा पायाच सुटलेला असतो: पाढे, भागाकार, अपूर्णांक. अशा मुलाला दहावीचा भाग कितीही चांगला शिकवला तरी वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना ते अडतं, कारण बाराचे अवयव तीन आणि चार हे त्याला पटकन सुचत नाहीत. काहींना आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरण वाचून समीकरण मांडता येत नाही. काहींना सगळं समजतं, सराव नसतो. त्यांना घड्याळ लावून सोडवायला बसवणारं कुणीतरी हवं असतं. आणि काहींना भीती असते. फळ्यापुढे उभं करून हसण्यावारी नेलेलं लेकरू पुढे येत असलेलंही लिहीत नाही. पहिल्या गटाला दोन-तीन इयत्ता मागे जाऊन शिकवणारं माणूस लागतं. दुसऱ्याला वाचून घेणारं. तिसऱ्याला सराव चाचण्या पुरतात. चौथ्याला लहान गट आणि शांत माणूस हवं. चौकातला फ्लेक्स यातलं काहीच सांगत नाही.

पहिल्या गटातली मुलं थोडी आहेत असं समजू नका. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं त्यांतल्या ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. त्याआधीच्या २०२२ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भागात पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं फी भरून शिकवणीला जात असल्याचं दिसलं होतं; २०१८ मध्ये हेच प्रमाण २६.४ टक्के होतं. म्हणजे शिकवणीला जाणारी मुलं वाढत आहेत, आणि भागाकार मात्र निम्म्याहून अधिक मुलांना अवघड जातो आहे. हे आकडे वाचले तेव्हा मला नवल वाटलं नाही. माझ्या सतरंजीवर ते रोज बसलेले असतात.

पाया कुठे सुटला ते शोधायला मी पहिल्या दिवशी परीक्षा घेत नाही. दहावीच्या मुलापुढे तिसरीची वजाबाकी ठेवली तर त्याला लाज वाटते. त्याऐवजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा ६१७४ देते. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, म्हणून मी १९९९ हाच आकडा घेते. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावा, ९९९१. चढत्या क्रमाने लावा, १९९९. वजा करा, ७९९२. या नव्या संख्येचं पुन्हा तसंच करा. ७१७३ येतात, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च राहतात. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. मुलं आपापल्या गाडीचा नंबर, आपलं जन्मसाल घेऊन वजाबाक्या करत सुटतात. ज्याचा हातचा वारंवार चुकतो त्याला बहुधा ६१७४ सापडत नाहीत, आणि तो आपण होऊन मागे जाऊन चूक शोधतो. मला त्याच्या खांद्यावरून एवढंच पाहायचं असतं की तो कुठे थांबला. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि १९४९ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. शिकवणारा किती शिकलेला आहे असं पालक विचारतात तेव्हा मी म्हणते, पदवी जरूर विचारा, पण त्याला स्वतःला आकड्यांचं वेड आहे का, तेही बघा.

वर्गात मुलं किती, हा प्रश्न पालकांना कमी महत्त्वाचा वाटतो, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या वर्गातही फळ्यावरचं शिकवणं उत्तम असू शकतं. पण एका तासाला साठ मुलं असतील तर एका वहीच्या वाट्याला एक मिनिट येतं, तेही सरांनी त्या तासात दुसरं काही केलं नाही तर. कंसातलं वजा एका मिनिटात सापडत नाही. माझ्या एका वेळच्या गटात मी बारा-पंधराच्या वर मुलं घेत नाही. त्याने मिळकत कमी होते हे खरं. पण त्यापुढे वह्या वाचणं होत नाही, आणि वह्या वाचल्याशिवाय जे होतं त्याची फी घ्यायला मला पटत नाही.

पालकांना मी एक साधी तपासणी सांगते. कोणताही क्लास लावण्याआधी लेकराला आठवडाभर तिथे बसू द्या, आणि शनिवारी वही बघा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. पानावर फक्त फळ्यावरचं सुबक उतरवलेलं दिसतंय, की लेकराने स्वतः केलेला प्रयत्नही दिसतो? चुकलेल्या पायरीवर कुणी खूण केली आहे का? त्या खुणेखाली लेकराने तेच उदाहरण पुन्हा सोडवलंय का? कुरुंद्याच्या एक आजी, स्वतः शाळेत न गेलेल्या, दर शनिवारी नातवाची वही मांडीवर घेऊन लाल शाईच्या खुणा बोटाने दाखवायच्या आणि विचारायच्या, “हितं सरांनी काय सांगितलं?” नातवाला सांगता आलं नाही तर सोमवारी त्याला तेच विचारून यायला लावायच्या. शिकवणीवर इतकी नीट नजर ठेवणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

निकालाच्या जाहिरातीबद्दलही थोडं सांगायला हवं. दहावीच्या गणिताचे दोन पेपर असतात, भाग एक म्हणजे बीजगणित आणि भाग दोन म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण लेखी; उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यामुळे शंभरातला एक आकडा ऐकून लेकराला काय येतं ते कळत नाही. बीजगणितात ३५ आणि भूमितीत १४ पडलेलं लेकरू मी पाहिलंय. त्याला सगळ्या गणिताचा क्लास लावून वर्षभर भूमितीच्या तासालाही इतरांच्या वेगाने पळवत नेलं होतं. त्याला समरूपता आणि वर्तुळ या दोन प्रकरणांवर थांबून, आकृती स्वतः काढून, सिद्धतेतलं प्रत्येक कारण तोंडाने सांगायला लावणारं माणूस हवं होतं. फोटो फ्लेक्सवर येतो तो बहुधा अशा मुलाचा, जे कुठेही गेलं असतं तरी चमकलं असतं. म्हणून क्लासवाल्याला विचारायचं ते हे: चाळीस टक्क्यांच्या आसपासची मुलं तुमच्याकडे येऊन पुढे कुठे पोचली?

सेमीच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. घरी आणि गल्लीत मराठी, पुस्तकात इंग्रजी. अशा मुलाला शाब्दिक उदाहरण आधी स्वतःच्या बोलीत सांगायला लावावं लागतं, मगच मांडणी. क्लास निवडताना तिथे सेमीची आणि पूर्ण मराठीची मुलं एकत्र बसवतात का आणि पुस्तक कोणतं धरतात, एवढं विचारून घ्यावं.

आपल्या भागात शिकवणीचं वेळापत्रक शेतीशी बांधलेलं आहे. फी दसरा-दिवाळीला सोयाबीन विकल्यावर येते, नाहीतर उन्हाळ्यात हळद विकल्यावर. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची हे सगळं जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत दहावीची परीक्षा असते. पहाटेपर्यंत हळदीच्या कुकरपाशी थांबलेलं लेकरू सकाळी सातच्या तासाला डुलक्या घेतं, त्याला मी कसं रागवू? सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं आजी-आजोबांकडे राहतात. अशा घरांसाठी दहावीच्या डिसेंबरात लावलेला क्लास कामाचा नाही. त्यांच्यासाठी आठवीची उन्हाळी सुट्टी आणि नववीचा पावसाळा हाच खरा काळ.

खरं तर सगळ्यांसाठीच. आठवीपर्यंत लेकरू ढकलत ढकलत पुढे येतं. नववीत वास्तव संख्या, बहुपदी, त्रिकोण, चौकोनाची प्रमेयं एकदम समोर येतात, आणि सुटलेला पाया तिथे उघडा पडतो. दहावीची बहुतेक प्रकरणं नववीवर उभी आहेत. तरी घरात बोललं जातं, “नववी काय, दहावीला लावू की क्लास.” दहावीला दिवाळीनंतर आलेल्या मुलाला मी उत्तरं पाठ करून घेऊ शकते, गणित शिकवायला तेव्हा वेळ उरलेला नसतो.

ते पाठांतर पुढे कुठे नेऊन सोडतं, हे मला पोलीस भरतीने दाखवलं. दहावीत चांगले गुण मिळवलेली, माझ्या ओळखीच्या घरांतली पोरं विशीत माझ्याकडे परत येऊ लागली. मैदानी चाचणीची तयारी जोरात, पण लेखीत अंकगणित: शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग. पाठ केलेली उत्तरं केव्हाच विसरली होती. त्यांतला एक मुलगा वडिलांच्या हळदीची पट्टी तोंडी तपासायचा. इतके क्विंटल, हा भाव, हमाली गेली, तोलाई गेली, हातात किती, पट्टीत दोनशे रुपयांची चूक असली तर आडतीवर उभ्या उभ्या सांगायचा. तोच मुलगा ‘शेकडा’ हा शब्द कागदावर दिसला की घामाघूम व्हायचा. आम्ही त्याच्या घरच्या जुन्या पट्ट्या आणल्या आणि त्यांवरच शेकडेवारी काढली. भाव गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढला, वाळल्यावर हळदीचं वजन किती टक्के घटलं, हे तो सहज सांगू लागला. हे काम नववीत झालं असतं तर त्याची पाच-सहा वर्षं वाचली असती. तेव्हापासून मी पालकांना दहावीच्या निकालाबरोबर याचाही विचार करायला सांगते: आज शिकलेलं लेकराला विशीत वापरता येईल का?

मुलींच्या बाबतीत क्लास बहुधा घड्याळ आणि रस्ता बघून ठरतो. शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, पण क्लास सुटल्यावर गावाकडे जाणारी गाडी आहे का, हा प्रश्न पासने सुटत नाही. हिवाळ्यात साडेसहालाच अंधार पडतो. चांगला क्लास गावात असूनही आठ वाजता सुटतो म्हणून घरी बसवलेल्या मुली मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या आईवडिलांनी मार्ग काढला: एकाच वाडीच्या चार मुलींनी एकाच वेळेचा गट मागून घेतला, शाळा सुटल्या सुटल्या तास, आणि मुक्कामी नव्हे तर संध्याकाळच्या पहिल्या गाडीने परत. चार फी एकत्र येणार असतील तर क्लासवाले वेळ बदलतात. पालकांनी मागायला संकोच करू नये.

आणि क्लासच्या आधी शाळा. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना जाऊन भेटणारे पालक फार कमी. लेकराला मधल्या सुट्टीत शंका विचारू द्या, एवढी विनंती केली तर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. एकदा एक आई दबक्या आवाजात सांगत होती की आपल्याच क्लासला यावं म्हणून शाळेतून मुलावर दडपण येतंय. मी तिला सांगितलं, घाबरू नका, मुख्याध्यापकांना भेटा, आणि एकट्या जाऊ नका, आणखी दोन पालक घेऊन जा. ती गेली, आणि ते थांबलं.

फीबद्दल माझा आग्रह असा की वर्षाची रक्कम एकदम भरू नये. महिन्याची भरावी, फार तर सत्राची, आणि पावती घ्यावी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या आहेत. गुणांची किंवा यशाची हमी देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत म्हटलं आहे. हे कागद पालकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी इथे लिहिते आहे. ज्याला आपल्या शिकवण्याचा भरवसा आहे, त्याला महिन्याची फी घ्यायला अडचण नसते.

पैशाची ओढाताण असलेल्या घरांना मी आधी फुकटचं सगळं वापरायला सांगते. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचे धडे उघडतात. आठवीत असताना एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शिकवणीचा खर्च त्यातून निघू शकतो. मोबाइलवरचे व्हिडिओ समजून घ्यायला चांगले. ज्या लेकराला स्वतःहून बसायची सवय आहे ते त्यावर पुष्कळ पुढे जातं. पण व्हिडिओ लेकराची वही वाचत नाही, त्यामुळे वही वाचणारं एक माणूस तरीही लागतं. ते शेजारची बारावीतली ताई असली तरी चालतं. एका वस्तीवर अशा एका ताईने आठवीच्या मुलांचे अपूर्णांक इतके पक्के करून दिले, की नववीत ती मुलं माझ्याकडे आली तेव्हा मला थेट बहुपदी सुरू करता आली.

क्लासमध्ये ‘का?’ विचारायला जागा आहे का, हेही बघावं. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. त्या भागातले एक वडील मला म्हणाले, “त्यात आमच्या लेकरायला काय मॅडम, गेटवर उभं राहायचं काम?” त्यांचा मुलगा त्या वर्षी दहावीत होता आणि आमचं पायथागोरसचं प्रमेय चालू होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर त्या वेधशाळेचा आराखडा काढला. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ अंतर किती? सोळा अधिक सोळा बत्तीस, त्याचं वर्गमूळ, साधारण ५.६६ किलोमीटर. कोपऱ्यावरून वळून गेलं तर आठ. मुलांनी वर्गमूळ दशांशात काढायला दुसऱ्या कुठल्या उदाहरणात इतका वेळ आनंदाने घालवलेला मी पाहिला नव्हता. मग प्रश्न आले: भुजा काटकोनातच का? आत काय असतं? लेझरचा किरण दुभंगून दोन्हीकडे जातो, टोकाच्या आरशांवरून परत येतो, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक त्यातून मोजला जातो, हे मला वाचून सांगावं लागलं. त्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. गेटच्या आत जाणाऱ्या लेकराची तयारी नववी-दहावीच्या गणितापासूनच सुरू होते, आणि तिथे ‘का?’ विचारायला जागा असावी लागते. ज्या क्लासमध्ये प्रश्न विचारला की ‘परीक्षेला नाही’ असं उत्तर मिळतं, तिथून लेकराला काढून घ्यावं.

शिकवणी लावली की संपलं, असं नाही. दर सत्राच्या शेवटी घरी बसून पाहावं: कुणीही जवळ नसताना, पुस्तक उघडून, सरावसंचातली किती उदाहरणं लेकरू शेवटपर्यंत नेतं? जूनमध्ये दहातली तीन असतील आणि दिवाळीत सहा झाली, तर शिकवणी योग्य आहे. तीनच राहिली, तर क्लास कितीही नावाजलेला असो, बदलावा. आणि नऊ झाली, तर थांबवावा. थांबवायला पालक घाबरतात. सोडला आणि गुण कमी झाले तर, असं त्यांना वाटतं. माझ्याकडून नववीच्या शेवटी थांबवलेल्या मुलांपैकी अनेकांनी दहावीचा अभ्यास स्वतः केला, अडलं तेवढं येऊन विचारलं. मला त्या मुलांचा अभिमान वाटतो. आपल्यावाचून ज्यांना गणित येतं अशी मुलं तयार होणं, हेच या कामाचं फळ आहे असं मी मानते.

तेव्हा या जूनमध्ये फ्लेक्सवरचा नंबर फिरवण्याआधी लेकराची रफ वही मागून घ्या. ती घेऊन त्याच्याबरोबर शांतपणे बसा, खाडाखोड झालेल्या पानांवर बोट ठेवून विचारा, “इथे काय वाटलं होतं तुला?” त्याच्या उत्तरातून कळेल की त्याला पाढे हवेत, चष्मा हवा, सराव हवा की धीर. मग ती वही रोज वाचेल असं माणूस शोधा. ते शाळेत सापडलं तर फी लागणार नाही, शेजारी सापडलं तर एसटी लागणार नाही, आणि क्लासमध्ये सापडलं तर दिलेला प्रत्येक रुपया सत्कारणी लागेल.